बाईकवर रडार डिटेक्टर लावायचा का? सोलापूर-धाराशिव रस्त्याचा हिशोब

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आकडे बरेच आलेत, ते इथे निवांत वाचता येतील.)

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलेला आहे. प्रश्न साधारण असा असतो : "दादा, यूट्यूबवर बघितलं, अमेरिकेतले रायडर बाईकला रडार डिटेक्टर लावतात. पुढं पोलीस असला की आधीच वाजतं. आपल्या एनएच ५२ वर चालेल का? कुठला घेऊ? कुठं बसवू?"

प्रश्न चांगला आहे, आणि त्याला सरळ उत्तर द्यायचं तर आधी हे यंत्र करतं काय ते समजून घ्यावं लागेल. गाडी चालवत ऐकत असाल तर आवाज कमी ठेवा, मागचा हॉर्न ऐकू आला पाहिजे.

यंत्र काय करतं?

तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे आहात आणि समोरून ट्रक हॉर्न वाजवत येतोय. जवळ येताना आवाज बारीक, चिरका वाटतो. पुढे निघून गेला की तोच हॉर्न जाड, खर्जात वाटतो. हॉर्न बदललेला नसतो, ट्रकच्या वेगामुळे लहरी आधी दाबल्या जातात आणि मग ताणल्या जातात. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. रडारची स्पीडगन हेच रेडिओ लहरींनी करते. लहर सोडते, ती गाडीवर आपटून परत येते, आणि परत आलेल्या लहरीत किती फरक पडला त्यावरून वेग काढते.

रडार डिटेक्टर म्हणजे या लहरी ऐकणारा रेडिओ. तो स्वतः काही सोडत नाही, फक्त ऐकतो. पोलिसांच्या रडारसाठी मुख्यतः तीन पट्टे वापरले जातात : एक्स बँड साडेदहा गिगाहर्ट्झच्या आसपास, के बँड २४ च्या आसपास आणि केए बँड साधारण ३३ ते ३६ गिगाहर्ट्झ. रडारची लहर पसरत जाते, पुढच्या गाड्यांवर, कठड्यावर आपटून विखुरते. त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर चांगला डिटेक्टर एखाद-दोन किलोमीटर आधीच वाजू शकतो. अमेरिकेत पोलिसांकडे अजून भरपूर रडार आहेत, म्हणून तिथे हा धंदा चालतो.

मग आपल्याकडे घोळ कुठं होतो?

आपल्याकडे महामार्ग पोलिसांची पांढरी इंटरसेप्टर गाडी असते ना, तिच्यात लेझर स्पीडगन असते. लेझर म्हणजे प्रकाश, डोळ्याला न दिसणारा. तो रेडिओ लहरीसारखा पसरत नाही. तीनशे मीटरवर त्याचा झोत जेमतेम एक मीटर रुंद होतो. म्हणजे पोलीस नेम धरतो तो तुमच्याच हेडलाइटवर किंवा नंबर प्लेटवर. तुमच्या पुढच्या गाडीवर मारलेला झोत तुमच्यापर्यंत सहसा येतच नाही.

बऱ्याच डिटेक्टरमध्ये लेझर सेन्सरही असतो. पण तो वाजतो कधी, तर झोत तुमच्यावर पडल्यावर. आणि झोत पडल्यापासून वेग मोजून व्हायला एक सेकंदसुद्धा लागत नाही. म्हणजे यंत्र वाजलं तेव्हा फोटो निघालेला असतो. ही पूर्वसूचना झाली नाही राव, ही पावती झाली.

दुसरी अडचण खोट्या अलार्मची. मॉलचं आपोआप उघडणारं दार २४ गिगाहर्ट्झवर चालतं. नव्या कारमध्ये बाजूची गाडी दाखवणारे सेन्सर असतात, त्यातले अनेक त्याच पट्ट्यात. शेजारून एसयूव्ही गेली की यंत्र बोंबलणार. दहा वेळा खोटं वाजलं की अकराव्या वेळी तुम्ही लक्षच देत नाही.

तिसरी गोष्ट सरासरी वेगाची. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दोन ठिकाणच्या कॅमेऱ्यांत तुमची नोंद होते आणि मधलं अंतर किती वेळात कापलं यावरून वेग काढला जातो. बाईकला तिथे बंदीच आहे, पण तंत्र लक्षात घ्या. नंबर प्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यापुढे रडार डिटेक्टर काय ऐकणार? ऐकण्यासारखं काही नसतंच.

आणि ऑनलाइन मिळणारे ते स्वस्तातले "१६ बँड" लिहिलेले डबे? पोलिसांच्या रडारचे पट्टे मोजून तीन-चार. सोळा आकडा खोक्यावर छापायला बरा दिसतो, एवढंच.

कायद्याचं काय?

परदेशातही हा विषय सरसकट मोकळा नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये डिटेक्टर वापरायला बंदी आहे, फ्रान्समध्येही आहे. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून तत्त्व असं आहे की रेडिओ लहरींवर चालणारं उपकरण जवळ बाळगायला सरकारची परवानगी किंवा सूट हवी. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी परवानगीची अट आहे. जॅमर, म्हणजे सिग्नल बंद पाडणारं यंत्र, त्याच्या तर वाटेलाच जाऊ नका. तो थेट गुन्हा आहे.

वेगमर्यादाही सांगून टाकतो, कारण विचारलं तर दहातल्या आठ जणांना माहीत नसते. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटरसायकलला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कमाल ८०, शहराच्या हद्दीत आणि इतर रस्त्यांवर ६०. बोर्डावर कमी आकडा असेल तर तो बोर्ड खरा. म्हणजे सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-येडशी चौपदरीवर ८०, आणि आत गावाकडच्या रस्त्याला वळलात की ६०. कारला दिसणारा शंभरचा आकडा आपल्यासाठी नसतो.

नियम दोन्हीकडून आहेत हेही लक्षात ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७ए म्हणतो की वेग मोजणाऱ्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं, आणि अशा पट्ट्यावर लोकांना दिसेल असा सूचना फलक हवा. म्हणजे कायद्यानं तुम्हाला फुकटचा डिटेक्टर दिलेला आहे. तो बोर्ड वाचायचा.

आता हिशोब

तुळजापूर ते सोलापूर धरा ४५ किलोमीटर. ८० च्या वेगानं ३४ मिनिटं, १०० नं २७ मिनिटं. वाचली किती? सात. तीही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर, आणि तो मोकळा नसतो.

या सात मिनिटांची किंमत बघू. ८० ला तुम्ही सेकंदाला २२ मीटर जाता. काही दिसलं, मेंदूला कळलं, हात ब्रेकवर गेला, यात एक सेकंद धरा. मग ब्रेक. कोरडा रस्ता, चांगले टायर असतील तर ८० वरून थांबायला एकूण साधारण ६० मीटर लागतात. १०० वरून जवळजवळ ८७.

आता नीट ऐका. ८० वाला जिथे पूर्ण थांबलेला असतो, त्याच जागी १०० वाला किती वेगात असतो माहितेय? साधारण ६५ ते ७० च्या. वेगातला फरक २० चा होता, पण धडक बसते ती जवळपास सत्तरची.

आणि आपल्या जिल्ह्यात समोर काय असतं? दिवाळीच्या पुढे-मागे गळीत हंगाम सुरू झाला की उसाची डबल ट्रॉली. ढोकी, रांजणी, सगळीकडून ट्रॅक्टर रस्त्यावर. वेग पंधरा-वीस. मागे रिफ्लेक्टर असेल तर नशीब, असला तरी वर लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकलेला. डिपरवर तुमच्या बाईकचा उजेड पन्नासेक मीटर पोचतो. मघाशी काय म्हणालो, थांबायला ८७ लागतात. वजाबाकी तुम्हीच करा. या ट्रॉलीतून कुठलीही रेडिओ लहर निघत नाही. पाचशे डॉलरचा डिटेक्टरसुद्धा तिच्यासाठी वाजणार नाही.

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत निघालेले भाविक, त्यांच्यासाठी वाजणार नाही. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीला निघालेले लोक, दुभाजकाच्या फटीतून उलट्या बाजूनं येणारा गाववाला, येडशीच्या अभयारण्याजवळ आडवं येणारं जनावर, सर्व्हिस रोडवर वाळत टाकलेलं सोयाबीन, यातल्या कशासाठीच वाजणार नाही. उलट धोका असा की ते वाजलं की माणूस काय करतो? खच्चून ब्रेक मारतो. आणि मागे उमरग्याकडून आलेला लोड ट्रक असतो. त्याला तुमचा बीप ऐकू आलेला नसतो.

म्हणून माझं मत : धाराशिवच्या रस्त्यांसाठी रडार डिटेक्टर घेऊ नका. तुम्हाला हवी असलेली गोष्ट, म्हणजे "मी मर्यादेच्या वर गेलोय का" हे सांगणारा इशारा, तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे.

फोन निवडून, नीट बसवून

गुगल मॅप्समध्ये स्पीडोमीटर असतो. मॅपल्स हे आपलं भारतीय ॲप आहे, ते कॅमेरा, गतिरोधक, धोक्याचं वळण यांची सूचना देतं. जीपीएसचा वेग बाईकच्या काट्यापेक्षा थोडा कमी दिसेल, घाबरू नका. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये म्हणून कंपन्या तो थोडा पुढेच ठेवतात. आणि हो, २०२० च्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना फोन वापरायला परवानगी आहे ती फक्त रस्ता बघण्यापुरती, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीनं. रील, चॅट, कॉल यात बसत नाही.

आता बसवणं. हे नियम हँडलवर काहीही लावा, तेच.

एक, जागा. नजर रस्त्यावरून फार खाली जाता कामा नये. टाकीवर नको, हँडलच्या मधोमध किंवा आरशाच्या दांड्यावर. मीटर, इंडिकेटरचा दिवा झाकला जाऊ नये.

दोन, पकड. चारही कोपरे धरणारा होल्डर घ्या, वरून रबराची जाळी. नुसत्या स्प्रिंगवर भरवसा ठेवू नका, आपल्या गतिरोधकांना तो पुरत नाही.

तीन, कंपन. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलनं स्वतः सांगितलं होतं की मोठ्या ताकदीच्या मोटरसायकलच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं. तुमची सिंगल सिलिंडर गाडी थरथरत असेल तर रबरी डॅम्पर असलेला माउंट घ्या.

चार, वीज. चार्जरची वायर चावी बंद केल्यावर बंद होणाऱ्या लाइनवरून घ्या, थेट बॅटरीवरून घेतली तर सकाळी किक मारत बसाल. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. कंपनीची वायर कापू नका, वॉरंटीचा वाद नको.

पाच, चाचणी. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. वायर ताणली जाते का, ब्रेकच्या केबलला अडकते का ते गाडी उभी असताना बघा.

सहा, ऊन. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे चाळीसच्या वर पारा जातो. उन्हात चार्जिंगला लावलेला फोन तापून बंद पडतो. तेव्हा स्क्रीन बंद, फक्त आवाजी सूचना, तीही हेल्मेटच्या स्पीकरवर हळू आवाजात. दोन्ही कानात इअरफोन खुपसून नको.

पैसे उरले तर? टायर बघा, ब्रेक पॅड बघा, हेडलाइटचा नेम नीट करून घ्या, मागच्या मडगार्डला रिफ्लेक्टर पट्टी लावा. नवी गाडी घेणार असाल तर १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, जुनी घेताना ते आहे का ते तपासा.

चलान आलंच तर

चलान फक्त महाट्रॅफिकच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवर तपासा. फोटो, जागा, वेळ बघा. नंबर तुमचा नसेल, गाडी वेगळी दिसत असेल तर तिथेच तक्रार नोंदवता येते. आणि व्हॉट्सॲपवर "आरटीओ चलान" नावाची एपीके फाइल आली, तर ती उघडू नका. ती इन्स्टॉल केली की फोनमधले मेसेज, ओटीपी चोराच्या हातात जातात आणि खातं रिकामं होतं. हजार रुपयांचा दंड परवडला, पण हे नको. घरातल्या मोठ्यांनाही सांगा, त्यांना हे मेसेज जास्त येतात.

तर एमएच २५ वाल्यांनो, पोलीस दिसावा म्हणून खर्च करण्यापेक्षा ट्रॉली वेळेत दिसावी म्हणून खर्च करा. तुमच्या भागात रात्री कुठला पट्टा धोक्याचा आहे, कुठे दिवा नाही, कुठे दुभाजक फोडलाय, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात जुनी बाईक घेताना इंजिन कसं ऐकायचं यावर बोलू. तोपर्यंत हेल्मेटचा पट्टा लावा. नुसतं डोक्यावर ठेवू नका, लावा. भेटू.