गांवचा ठेवा आणि गांवची समिति

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मॅसॅच्युसेट्स हें ईशान्येकडील एक जुनें संस्थान. तेथील बोस्टन शहरापासून सुमारें २५ मैलांवर ॲक्टन नांवाचें एक गांव आहे. २०२० सालच्या खानेसुमारींत त्याची वस्ती २४ हजारांच्या घरांत भरली. १९ एप्रिल १७७५ रोजीं शेजारच्या कॉंकॉर्ड येथील पुलावर इंग्रज शिपायांशीं जी चकमक झडली, तींत या गांवचा कॅप्टन आयझॅक डेव्हिस आपल्या तुकडीच्या अग्रभागीं पडला. गांवच्या मधल्या हिरवळीवर त्याचा स्मारकस्तंभ उभा आहे. अशा गांवाला जुन्याचा अभिमान असावयाचाच. परंतु अभिमान निराळा आणि गळक्या छपरासाठीं लागणारा पैसा निराळा. शिवाय बोस्टनचा पसारा जसजसा वाढत गेला, तसतशीं या बाजूच्या गांवांतील शेतांवर घरें उठलीं, जमिनीचे भाव चढले, आणि ज्यांचा जन्म गांवांत गेला त्यांच्या मुलांना त्याच गांवांत घर परवडेनासें झालें. शेत वाचवावें, जुनी वास्तु वाचवावी, कीं बेताच्या कमाईच्या माणसाला निवारा द्यावा, असा हा तिहेरी पेंच होता.

त्यावर मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानें इ. स. २००० मध्यें एक उपाय काढला. त्या वर्षीं सप्टेंबरांत गव्हर्नर पॉल सेलुची यांच्या सहीनें कम्युनिटी प्रिझर्व्हेशन ॲक्ट, म्हणजे लोकसमाजाच्या ठेव्याच्या जतनाचा कायदा, अंमलांत आला. हा कायदा कोणत्याहि गांवावर लादलेला नाहीं. गांवच्या मतदारांनीं मतपेटींतून ‘होय’ म्हटलें तरच तो तेथें लागू होतो. खुद्द बोस्टन शहरानें २००१ सालीं तो नाकारला आणि २०१६ सालीं स्वीकारला. आज संस्थानांतील ३५१ गांवें व शहरें यांपैकीं निम्म्याहून अधिकांनीं तो आपलासा केला आहे.

कायद्याचें मर्म पैशांत आहे. घरजमिनीवर जो वार्षिक कर असतो, त्यावर शेंकडा तीनपर्यंत अधिभार बसवितां येतो. ॲक्टननें दीड टक्का पसंत केला. समजा, एखाद्या कुटुंबास सालीना ६,००० डॉलर करावर अधिभार भरावयाचा आहे, तर दीड टक्क्यानें तो ९० डॉलर होईल. घराच्या किंमतींतील पहिल्या एक लाख डॉलरांना, तसेंच अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना सूट देण्याची मुभा गांवाला आहे. या गोळा झालेल्या रकमेंत संस्थान आपल्या निधींतून भर घालतें. तो निधि दस्तऐवज नोंदविण्याच्या फीमधून उभा राहतो. आरंभींच्या वर्षांत ही भर रुपयास रुपया अशी होती. पुढें गांवें वाढलीं, निधि तेवढाच राहिला, आणि २०१७ सालीं ती शंभरास सतरांवर उतरली. अखेर २०१९ च्या शेवटच्या दिवसापासून बहुतेक दस्तांवरील ही फी २० डॉलरांची ५० करण्यांत आली. सरकारी देणगीच्या भरंवशावर बेत आखणाऱ्यांनीं हा इतिहास ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

हा पैसा कसा वांटावा हें सुचविण्यासाठीं प्रत्येक गांवांत पांच ते नऊ सभासदांची समिति असते. तींत निसर्गरक्षण, इतिहासरक्षण, नगररचना, उद्यानें व गृहनिर्माण या पांच खात्यांच्या मंडळांचा प्रत्येकीं एक माणूस असलाच पाहिजे. उरलेले गांवच्या ठरावाप्रमाणें येतात. बहुतेक हीं शेजारचीं माणसें असतात. दिवसा आपापला धंदा सांभाळून तीं संध्याकाळीं सभेला बसतात. दरवर्षीं एकदां तरी जाहीर सुनावणी घेऊन गांवच्या गरजा ऐकून घेणें हें समितीवर बंधनकारक आहे. सामान्यतः शरद् ऋतूंत अर्ज येतात, हिवाळाभर त्यांची छाननी चालते आणि वसंतांत शिफारशी गांवसभेपुढें जातात.

वार्षिक उत्पन्नापैकीं किमान दहा टक्के मोकळ्या जमिनीसाठीं, दहा ऐतिहासिक वस्तूंसाठीं आणि दहा घरांसाठीं खर्चावे किंवा राखून ठेवावे लागतात. समितीच्या स्वतःच्या कारभाराला पांच टक्क्यांहून अधिक घेतां येत नाहीं. बाकीच्या पैशांची वांटणी मोकळी. क्रीडांगणांचाहि त्यावर हक्क पोंचतो. खरी मारामारी या बाकीच्या पैशांसाठीं असते.

अर्जाची पारख करतांना समितीला व्याकरणाचा आधार घ्यावा लागतो, हें ऐकून कोणासहि गंमत वाटेल. कायद्यानें प्रत्येक विषयाला ठरावीक क्रियापदें नेमून दिलीं आहेत. मोकळी जमीन मिळवितां येते, निर्माण करतां येते, राखतां येते. क्रीडांगणाची शिवाय सुधारणाहि करतां येते. ऐतिहासिक वास्तु मिळवितां येते, राखतां येते, तिचा जीर्णोद्धार करतां येतो. पण ती निर्माण मात्र करतां येत नाहीं, आणि यांत कायदा करणाऱ्यांचें शहाणपण दिसतें. नेहमींच्या देखभालीला तर एक डॉलरहि मिळत नाहीं, आणि गांवच्या चालू खर्चाच्या जागीं हा पैसा वापरतां येत नाहीं. वाचनालयाच्या जुन्या घुमटाचा जीर्णोद्धार चालेल, त्याच वाचनालयाची दरसालची झाडलोट चालणार नाहीं. मधल्या सीमेवर, म्हणजे दुरुस्ती कोठें संपते आणि जीर्णोद्धार कोठें सुरू होतो यावर, समितीच्या कित्येक रात्री जातात.

इतकें करून समितीच्या हातीं सत्ता किती? ती फक्त शिफारस करते. खर्चाची मंजुरी देते गांवसभा. ॲक्टनसारख्या गांवांत कोणीहि नोंदलेला मतदार तींत जाऊन बसूं शकतो, बोलूं शकतो, मत देऊं शकतो. सभा शिफारस फेटाळूं शकते, रक्कम कमी करूं शकते. परंतु ती वाढवूं शकत नाहीं, किंवा समितीनें न सुचविलेल्या कामाला यांतील पैसा देऊं शकत नाहीं. एका कुलपाला दोन किल्ल्या असाव्या आणि त्या दोघांजवळ असाव्या, तशी ही योजना आहे. तिच्यामुळें काम संथ होतें खरें. पण कोणाच्या ओळखीनें पैसा मिळाला, ही कुजबूज करावयास जागा थोडी उरते.

संथपणाची परीक्षा पाहणारा प्रसंग म्हणजे शेतजमिनीची विक्री. शेतीखालच्या जमिनीला कर कमी बसतो. त्या सवलतीच्या बदल्यांत मालक ती जमीन घरबांधणीसाठीं विकूं लागला, तर त्यानें प्रथम गांवाला कळविलें पाहिजे. बाहेरचा गिऱ्हाईक जी किंमत देऊं करतो, तीच देऊन जमीन घेण्याचा पहिला हक्क गांवाचा. मुदत १२० दिवस. एवढ्या अवधींत मोजणी, किंमत, समितीची शिफारस आणि गांवसभा, सारें उरकावें लागतें. कर्ज काढावयाचें तर सभेंत दोनतृतीयांश मतें हवींत. शेत वाचलें म्हणजे सर्वांस आनंद होतो. परंतु जितकी जमीन मोकळी राखली, तितकी उरलेली महागते, ही गोष्ट आनंदाच्या भरांत विसरली जाते. म्हणून ज्या समित्या घरांचे दहा टक्के नुसते बाजूस टाकून वर्षानुवर्षें सांठवीत बसतात, त्यांनीं अर्धेंच काम केलें असें म्हणणें भाग आहे. पानाफुलांना गांवांत शेजारी म्हणून सर्वच पसंत करतात. गरीब शेजाऱ्याची वेळ आली कीं रहदारी आणि सांडपाणी यांच्या अडचणी आठवूं लागतात.

गांवसभेचें मत तरी अखेरचें असतें का? याचें उत्तर ॲक्टनमध्येंच मिळालें. हिरवळीजवळच्या तेथील काँग्रिगेशनल पंथाच्या जुन्या चर्चनें अर्ज केला. समितीनें शिफारस केली आणि २०१६ सालीं गांवसभेनें वास्तूच्या जतनाचा आराखडा करण्यास ४९,५०० डॉलर व रंगीत कांचेच्या खिडक्यांच्या दुरुस्तीस ५१,२३७ डॉलर मंजूर केले. कांहीं करदात्यांनीं न्यायालयाची वाट धरली. मॅसॅच्युसेट्सच्या घटनेंत १८५५ सालीं आलेली आणि १९१७ सालीं अधिक कडक केलेली एक तरतूद आहे: सार्वजनिक पैसा कोणत्याहि पंथाच्या संस्थेच्या पोषणासाठीं देऊं नये. गांव म्हणे, आम्हीं जुन्या वास्तूला पैसे दिले, पंथाला नव्हे. करदाते म्हणत, खिडकींत येशूची मूर्ति आहे. ती खिडकी उजळणें म्हणजे आमच्या पैशांनीं उपासना चालविणें.

दोन्ही बाजूंस कांहीं सत्य होतें, आणि म्हणूनच हा वाद नुसत्या हट्टाचा नव्हता. मार्च २०१८ मध्यें संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. देणगी देण्याचा हेतु काय, तिच्यामुळें चर्चला भरीव मदत होते काय, आणि धर्म व राज्य यांची ज्या गुंतागुंतीच्या भयानें ही तरतूद झाली ती येथें उद्भवते काय, हे तीन प्रश्न न्यायालयानें कसोटीस लावले. पैशांची ओढाताण असल्याचें चर्चनें अर्जांत स्वतःच लिहिलें होतें. इमारतीचा खर्च गांवानें उचलला कीं वांचलेला पैसा चर्चच्या मूळ कार्याला मोकळा होतो, हेंहि न्यायाधीशांनीं पाहिलें. खिडक्यांची देणगी त्यांनीं थांबविली. आराखड्याच्या देणगीविषयीं अधिक चौकशी व्हावी म्हणून तो भाग खालच्या न्यायालयाकडे परत धाडला.

परंतु चालू चर्चला कधींच पैसा देऊं नये असा सरसकट मनाई-हुकूम त्यांनीं काढला नाहीं. तेव्हांपासून त्या संस्थानांतील समित्यांपुढें चर्चचा अर्ज आला, म्हणजे इमारत किती जुनी आहे एवढें विचारून भागत नाहीं. तिच्या कोणत्या भागाला पैसा हवा, त्या भागाचा उपासनेशीं संबंध किती, आणि तेथें सर्व गांवाच्या उपयोगाचें काय आहे, याची विचारपूस त्याच संध्याकाळच्या सभेंत, शेजाऱ्यांच्या देखत करावी लागते.