सरिया तुमचा, जबाबदारी कोणाची?

मागच्या भागात आपण जमिनीचे कागद आणि नकाशाची मंजुरी पाहिली. त्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: घर बांधून झाल्यावर स्लॅबला तडा गेला तर ठेकेदाराला धरता येतं का? उत्तर तुमच्या करारात आहे. करार केला असेल तर, आणि त्यात ते लिहिलं असेल तर.

मी शहपुऱ्याहून बोलतोय. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी सांगतो, हे जबलपूर जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव. याला शहपुरा भिटौनी असंही म्हणतात. थंडीत इकडच्या मटाराचे ट्रक दूरदूर जातात. इथे फ्लॅट कमी, स्वतःच्या प्लॉटवर बांधलेली घरं जास्त. तुमच्याकडे ज्याला सळई म्हणतात त्याला इथे सरिया म्हणतात, आणि कामं बहुतेक 'लेबर रेट'वर होतात. म्हणजे सिमेंट, सरिया, रेती, गिट्टी मालकाची, आणि ठेकेदार चौरस फुटाच्या हिशेबाने फक्त मजुरी घेतो.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार साहेब आहेत. मराठीच कुटुंब, तीन पिढ्या इकडे. निवृत्तीचा पैसा घालून त्यांनी घर बांधलं. समोर सव्वा मीटर बाहेर काढलेला छज्जा, त्यावर मुलीच्या खोलीची बाल्कनी. तिसऱ्या पावसाळ्यानंतर छज्जा जिथे भिंतीला मिळतो तिथे वरच्या बाजूला लांब चीर दिसली, आणि पुढचं टोक खाली झुकलं. मला फोन आला, "सर, जरा येऊन बघता का?" मी गेलो, आधी खाली दोन बल्ल्यांचे टेकू लावून घेतले आणि नातवंडांना त्या बाजूला जायची बंदी केली. मग एका ठिकाणी काँक्रीट फोडून पाहिलं. सरिया तळाशी होता.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब मधोमध खाली वाकतो, म्हणून त्याचा मुख्य सरिया खाली. छज्जा एकाच बाजूने धरलेला असतो, त्याचा ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सरिया वर. नकाशात तो वरच दाखवला होता, बांधलाही वरच असावा. पण ढलाईच्या दिवशी मजूर त्यावर घमेली घेऊन चालले, त्याला वर धरून ठेवणाऱ्या चेअर पुरेशा नव्हत्या, आणि सरिया दबून तळाला गेला. वरून काँक्रीट पडलं की कोणाला दिसणार?

ठेकेदाराला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पळूनही गेला नाही. म्हणाला, "साहेब, सरिया तुमचा, सिमेंट तुमचं, तराई तुमच्या घरच्यांनी केली. मी फक्त मजुरी घेतली." सुभेदार साहेबांनी स्टॅम्प पेपर काढला. दीड पानाचा करार. दर, हप्ते, मुदत, सगळं नीट. जबाबदारीची एकच ओळ: 'प्लास्टर व गळती यांची जबाबदारी एक वर्ष ठेकेदाराची.' पाया, कॉलम, बीम, छज्जा यांचा उल्लेखच नाही. ज्या गोष्टींमुळे माणूस मरू शकतो त्या कागदावर नव्हत्या, रंगाचे पोपडे मात्र होते. शेवटी तोडायची मजुरी ठेकेदाराने सोडली, बाकी सगळा खर्च सुभेदार साहेबांचा.

तुम्ही म्हणाल, रेरा आहे ना? रेरा कायदा २०१६ चा. त्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत तुम्ही संरचनेतला किंवा कामाच्या दर्जातला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिलात, तर त्याने तो ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई. महाराष्ट्रात त्याआधी १९६३ च्या मोफा कायद्यात तीन वर्षांची तरतूद होतीच. महारेराने तर २०२२ च्या डिसेंबरात सांगून टाकलं की विक्री करारातलं दोष-दायित्वाचं कलम बिल्डरला आपल्या मर्जीने बदलता येणार नाही. फ्लॅट घेणाऱ्यांनी एवढं पक्कं धरावं: दोष तोंडी सांगू नका, तारखेसह लेखी कळवा आणि पोच ठेवा.

पण हे सगळं बिल्डर आणि फ्लॅट घेणारा यांच्यातलं. तुमच्या प्लॉटवर तुम्ही मिस्त्री लावून घर बांधता तिथे रेराचा संबंधच नाही. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचा किंवा आठपर्यंत सदनिकांचा प्रकल्प रेरात नोंदवावाच लागत नाही. छोट्या गावातली किती बांधकामं यात बसतात, तुम्हीच मोजा.

मग उरतो १८७२ चा करार कायदा आणि ग्राहक कायदा. ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षं. दिवाणी दाव्याला करारभंगापासून तीन वर्षं. करारभंगापासून, बरं का, चीर दिसल्यापासून नव्हे! सरिया चुकला ढलाईच्या दिवशी, चीर दिसली तिसऱ्या वर्षानंतर. समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढणार. म्हणूनच 'पाच वर्षांत दोष निघाला तर दुरुस्त करून देईन' हे वचन करारात वेगळं हवं. तो दुरुस्तीला नकार देईल तेव्हा ते वचन मोडतं आणि मुदत तिथून मोजण्याचा आधार मिळतो.

आणि जागा कोणती आहे तेही पाहा. नर्मदेच्या खोऱ्यातली ही काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, पायाला वर्षातून दोनदा हलवते. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अशा मातीसाठी खाली फुगीर कंद असलेल्या अंडर-रीम्ड पाइलची पद्धत रुजवली, ती उगाच नाही. वर भूकंपाचा झोन तीन. २२ मे १९९७ ची पहाट जबलपूरकर विसरलेले नाहीत. साधारण सहा तीव्रतेचा धक्का, तीसहून अधिक माणसं गेली. खाली पार्किंग मोकळं ठेवून कॉलमवर उभ्या केलेल्या इमारतींचे तळमजल्याचे कॉलम तेव्हा फाटले. त्यामुळे ठेकेदार "ही तर दैवी आपत्ती" म्हणू लागला, तर त्याला सांगा की झोन तीन हे आधीपासून माहीत असलेलं दैव आहे. नकाशा त्याच हिशेबाने झालेला असतो.

फौजींना जवळची गोष्ट सांगतो. कोचीतल्या वैटिला इथे आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशनचे चंदर कुंज टॉवर. २०१८ मध्ये दिले गेले. त्यातल्या दोन टॉवरांची, २०८ फ्लॅटांची अवस्था अशी झाली की फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ते पाडून पुन्हा बांधायला सांगितलं, आणि तोवर राहणाऱ्यांना भाडंही. आपल्याच संस्थेने बांधलंय म्हणून कागद वाचायचा नाही, असं करू नका.

दुसरी बाजूही आहे. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ ला कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर बदल करताना आधाराच्या खांबांना हात लावल्याचा आरोप झाला, तिथल्या मालकाला अटक झाली. उद्या तुम्ही दुकानाचं शटर मोठं करायला कॉलम तासलात, तर ठेकेदाराची जबाबदारी संपली. हे करारात तो लिहून मागेल, आणि त्याने मागावंच.

आता सुभेदार साहेबांकडे परत. यंदा ते वरचा मजला चढवतायत, त्याच ठेकेदाराकडून. मी म्हटलं, पुन्हा तोच? तर म्हणाले, "सर, याला निदान आपली चूक कळलीय." नवा करार मी लिहिला. एमईएसमध्ये असताना मोठे करार हाताळले, पण या चार पानांना जास्त वेळ लागला.

त्यात आधी यादी: पाया, प्लिंथ बीम, कॉलम, बीम, स्लॅब, जिना, छज्जा. यांतल्या बांधणीच्या दोषाची जबाबदारी ठेकेदाराची. मी दहा वर्षं लिहिली होती, फ्रान्समध्ये कायद्यानेच दहा आहेत. ठेकेदार हसला आणि पाचवर आला. माल मालकाचा असला तरी सरियाची जागा, कव्हर, मिश्रणातलं पाणी, व्हायब्रेटर आणि शटरिंग त्याचं. माल खराब वाटला तर लेखी सांगून काम थांबवायचं. वापरला म्हणजे मान्य केला. ढलाईआधी इंजिनीअरने सरिया पाहून वहीत सही करायची आणि मोबाईलवर फोटो काढायचे, टेप लावून. फौजेत आम्ही झाकलं जाणारं काम पाहिल्याशिवाय झाकू देत नव्हतो, तेच इथे. प्रत्येक ढलाईचे क्यूब, २८ दिवसांनी चाचणी, खर्च मालकाचा. नापास झाले तर पुढचा सगळा खर्च ठेकेदाराचा. तराई मात्र सुभेदार साहेबांनी स्वतःकडे घेतली, किमान दहा दिवस, आणि तसं स्पष्ट लिहिलं. मागच्या वेळी भांडण तिथेच अडलं होतं. शेवटी पाच टक्के रक्कम दोन पावसाळे राखून ठेवायची.

या शेवटच्या ओळीवर तासभर वाद झाला. ठेकेदार म्हणाला, माझे मजूर दोन वर्षं थांबतील का? त्याचंही खरं होतं. मग दर थोडा वाढवून दिला आणि राखीव रक्कम दोघांच्या संयुक्त नावाने बँकेत मुदत ठेवीत टाकली, व्याज त्याचं. सही झाली.

परवा कॉलमचं काम झालं. रविवारी सकाळी स्लॅबचा सरिया पाहायला मी जाणार आहे, टेप घेऊन. या वेळी छज्जा पाऊण मीटरच ठेवलाय.