बंद लाइनचा भरवसा



आपल्या वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर भागातील पुष्कळ मुले आयटीआय करून विजेच्या लाइनवर कामाला लागतात. कोणी कायम होतो, कोणी कंत्राटदाराकडे राबतो. ही मेहनतीची, हलाल रोजी आहे. पण एक गोष्ट आज मनावर बिंबवून घ्या. चालू लाइनला सगळेच भितात. घात करते ती बंद समजलेली लाइन.

पावसाळ्यात झाड पडून तार तुटते, गाव अंधारात जाते, लोक घाई करतात. सबस्टेशनमधून फीडर बंद झाला म्हणून लाइनमन खांबावर चढतो. इकडे कोणीतरी चेंजओव्हर स्विच न बसवताच जनरेटर घरच्या वायरिंगला जोडलेला असतो. तो करंट गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटा शिरतो. 11,000 व्होल्टचे 433 व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेने पुन्हा हजारो व्होल्ट तयार करतो. फीडर बंद, पण तार जिवंत!

म्हणून क्रम मोडू नका. लाइन बंद करून स्विचला कुलूप व पाटी लावा. परमिट लेखी घ्या. ‘अमुक वाजता चालू करा’ असा तोंडी करार कधीही करू नका. टेस्टरने तपासा. मग कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करा. डिस्चार्ज रॉडची वायर आधी जमिनीतील अर्थला, नंतर हुक तारेला. काढताना आधी तारेवरून. हातमोजे, हेल्मेट, सेफ्टी बेल्ट यांशिवाय वर चढू नका. आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपण जाणतोच.

तरीही अपघात झाला तर धावत जाऊन हात लावू नका. आधी सप्लाय बंद करवा. 11,000 व्होल्टपुढे लाकडी काठीचाही भरवसा नाही. सप्लाय तुटल्यावर माणूस श्वास घेत नसेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा जोराने दाबत राहा आणि 108 ला फोन करायला लावा. शॉक लागलेल्यास मातीत किंवा वाळूत पुरण्याचा प्रकार खेड्यांत चालतो. त्यात मोलाची मिनिटे जातात. जखम लहान दिसली तरी दवाखाना टाळू नका. करंट आतले स्नायू जाळतो, हृदयाचे ठोके बिघडवतो. लघवी काळपट झाली तर मूत्रपिंडाला धोका आहे असे समजा.

हात गेला म्हणजे जीवन संपले नाही. कामावर झालेल्या इजेची नुकसानभरपाई हा 1923 च्या कायद्यापासून कामगाराचा हक्क आहे, कंत्राटी कामगाराचाही. नोकरीत अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्यास काढू नये, असे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. यासाठी हजेरी, पगार आणि अपघाताची नोंद यांचे कागद जपून ठेवा. शिकलेल्या मुलांनी अशा घरांचे अर्ज लिहून द्यावेत. हीसुद्धा खिदमतच आहे.

मित्रहो, गाव दोन तास अंधारात राहिले तर पुन्हा उजळते. घरचा कर्ता गेला तर त्या घराचा अंधार हटत नाही. उशीर झाल्याबद्दल बोलणी खा, पण अर्थिंग केल्याशिवाय तारेला हात लावू नका.