आमचे मामंजी आणि घराण्याची वही



आम्ही तिघी सुना मामंजींविषयी दोन शब्द सांगणार आहोत. गिरणीतून रात्रपाळी करून आले, की चाळीच्या नळावर पाण्याचे हंडे ते स्वतः भरत. लोक हसले तरी त्यांनी ते कधी सोडलं नाही.

शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून. ती गुरुजींनी अंदाजानं टाकलेली. ते मात्र सांगत, "चवदार तळ्याच्या साली जन्मलो." म्हणजे १९२७. ७ डिसेंबर १९५६ ला दादर चौपाटीवर, बाबासाहेबांच्या अंत्यदर्शनाला जमलेल्या जनसागरात, त्यांनी धम्मदीक्षा घेतली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला नि गिरणी सुटली ती कायमचीच.

हे सारं ऐकून आम्ही घराण्याची वही लिहायला घेतली. १९५८ च्या कायद्यानं महारकी वतन गेलं, ते बरंच झालं; पण जुन्या कागदांत निदान पुरुषांची नावं सापडली. बायांची कुठंच नाहीत. मामंजी म्हणाले, "आधी माझ्या आईचं नाव लिवा. सासरचं नि माहेरचंबी. मग तुमच्या आयांचं." त्यामुळं आमच्या वंशावळीत आज आमची तिघींची माहेरंही आहेत.

मामंजी आता नाहीत, पण वही आहे. बंधू-भगिनींनो, आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ आजच वही घेऊन बसा, आणि पहिल्या पानावर आजीचं नाव लिहा.

जयभीम! नमो बुद्धाय!