तंबोऱ्याची पारख

ऊद म्हटलें कीं आपल्याकडे धुपाटण्यांतील निखारा आणि तिन्हीसांजेचें देवघर डोळ्यांपुढें उभें राहतें. अरबी भाषेंत या शब्दाचा मूळ अर्थ निव्वळ ‘लांकूड’. अगरूचें सुगंधी लांकूड तो ऊद, आणि ज्याच्या पोटांत नाद भरून राहतो असें एक तंतुवाद्य तोहि ऊदच. सुगंधाचा ऊद उदबत्तीच्या नांवांत शिरून आपल्या घरोघर बसला. वाद्याचा ऊद मात्र इस्तंबूल, बगदाद, कैरो अशा शहरांतच राहिला.

पेण आणि रोहा या गांवांचा त्या वाद्याशीं कांहींच ऋणानुबंध नाहीं असें मात्र नव्हे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर हीं आडनांवें लावणारीं बेने इस्राएल कुटुंबें या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलीं. तेलाचा घाणा चालवावा आणि शनिवारीं तो बंद ठेवावा, यावरून त्यांना ‘शनवार तेली’ हें नांव पडलें. जुन्या करारांतील कथांवर मराठींत कीर्तन करण्याची त्यांची रीत प्रसिद्धच आहे. १९४८ सालीं इस्राएलचें राज्य स्थापन झाल्यावर यांतील पुष्कळ कुटुंबें तिकडे गेलीं. १९५०-५१ च्या सुमारास बगदादचे यहुदीहि तेथें येऊन पोंचले. त्यांच्याबरोबर ऊद आला, आणि ऊदवादनांत नांवाजलेला दाऊद अल्‌-कुवैती हा कलावंतहि आला. एकाच देशांत एकीकडे मराठी कीर्तन आणि दुसरीकडे बगदादी ऊद, असा हा योग आहे.

तुर्की ऊद कसा निवडतात तें थोडक्यांत पाहण्याजोगें आहे. त्याचें पोट अखंड लांकूड कोरून केलेलें नसतें. अक्रोड, मेपल, महोगनी किंवा शिसवीच्या जातीच्या लांकडाच्या पातळ पट्ट्या वांकवून एकीला एक चिकटवीत तें घडवितात. वरची तबली मात्र बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची, सरळ आणि बारीक रेषांची, दोन मिलिमीटरांच्या आसपास जाडीची. अकरा तारा, त्यांपैकीं पांच जोड्या आणि एक एकटी. दांडीवर पडदे मुळींच नाहींत. नवशिक्या गिऱ्हाइकाची दृष्टि पाठीवरच्या पट्ट्यांच्या रंगसंगतीवर खिळते. जाणता वादक आधीं वाद्य उचलून त्याचें वजन पाहतो आणि मग तबलीकडे वळतो. कारण स्वर बोलतो तो तबलींतून. इस्तंबूलचा मानोल (१८४५–१९१५) या ग्रीक वंशाच्या कारागिराचे ऊद आजहि नमुना म्हणून मानले जातात. २०२२ सालीं ऊद घडविण्याची व वाजविण्याची कला, इराण व सीरिया यांच्या नांवें, युनेस्कोच्या वारसायादींत दाखल झाली.

आपल्या मुलुखांत हाच प्रश्न तंबोऱ्याच्या रूपानें येतो. पेण किंवा रोहा येथील एखाद्या घरांतील मुलगी गाणें शिकूं लागते. चार-पांच वर्षें पेटीवर नाहीं तर विजेच्या डबीवर निभावतें. मग गुरुजी सांगतात कीं, आतां घरीं तंबोरा हवा. वडील माणसें पैसे बाजूस काढतात. अशी वस्तु घरांत एकदांच येते. ती चुकली तर मुलगी रोज पहांटे चुकीच्या स्वराच्या सावलींत बसते, आणि कानाला एकदां लागलेली खोड पुढें सुटतां सुटत नाहीं. म्हणून या खरेदीस घाई उपयोगाची नाहीं.

खरेदीचें ठिकाण म्हणजे मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार व पाणी देणारे कारागीर, हत्यारांचा धंदा मंदावल्यावर वाद्यांकडे वळले. फरीदसाहेब हें त्यांतील पहिलें मोठें नांव. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय त्या कलेला लाभला. पोलादाची परीक्षा करणारे हात भोपळ्याची परीक्षा करूं लागले. तेथली सतारमेकर गल्ली आजहि त्याच नांवानें ओळखली जाते. पुढें किराण्याचे अब्दुल करीम खांसाहेब मिरजेस स्थायिक झाले. वाद्य जुळविण्यांत व दुरुस्त करण्यांत त्यांचा हात गायनाइतकाच वाकबगार होता. १९३७ सालीं ते निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यांत उरुसाच्या वेळीं गाणें होतें. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें.

तंबोऱ्याचा जीव दोन वस्तूंत आहे: भोपळा आणि तुणीचें लांकूड. भोपळा येतो तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडील रानांतून. हा कडू जातीचा असतो, भाजीचा नव्हे. वेलावर तो पुरता पिकूं देतात, मग महिनोन्‌महिने सुकवितात. पुढें भिजवून, कापून त्यास हवा तो आकार देतात. तंबोऱ्याचा भोपळा बूड चपटें असलेला, कांद्याच्या घाटाचा असावा. त्याचें कवच जाड आणि सर्वत्र सारखें असावें. बोटाच्या पेरानें ठोकलें असतां टणक बोल यावा, बद्द नव्हे. आंत लहानशीं छिद्रें किंवा पिठासारखी भुकटी दिसली तर तेथें कीड आहे असें समजावें आणि दुसऱ्या भोपळ्याकडे वळावें. शेतकऱ्याला उसापुढें हा भोपळा परवडेनासा झाला, तर मिरजेच्या साऱ्या कसबाला पायाच राहणार नाहीं. मानांकनाच्या कागदानें वेल उगवत नाहीं, ही गोष्ट सभा-समारंभांत फारशी कोणी बोलत नाहीं.

दांडी, गळा आणि तबली तुणीच्या लांकडाची. तूण हें निंबाच्या कुळांतलें झाड. लांकूड तांबूस, वजनानें हलकें, किंचित्‌ सुगंधी. रोह्याच्या डोंगरांत साग, शिसव, ऐन, खैर, शिवण हीं लांकडें लोकांच्या परिचयाचीं असल्यामुळें कोंकणांतल्या गिऱ्हाइकाला सागाचा मोह पडतो. घराच्या तुळईला जो टिकतो तोच वाद्यालाहि चांगला, असा त्याचा हिशेब असतो. पण तुळईनें हलूं नये हेंच तिचें काम, आणि तबलीचें काम हलण्याचेंच. तेलकट, जड सागांत कंप लवकर विरतो. शिवणीचें लांकूड हलकें, वाद्यांच्या कामास पुष्कळ ठिकाणीं वापरलेलें. आणि तंजावरकडे वीणा फणसाची करतात. तात्पर्य, लांकडाचा मान त्याच्या किंमतीवर नव्हे, जागेवर ठरतो. तबलीवरील रेषा उभ्या, सरळ आणि जवळजवळ असाव्यात; मध्यें गांठ नसावी. तबली फार जाड ठेवली तर तंबोरा मुका होतो. फार पातळ केली तर वर्षा-दोन वर्षांत घोडीच्या भारानें खचते. लांकूड किती वर्षें मुरलेलें आहे, हा प्रश्न कारागिराला सरळ विचारावा. चांगला कारागीर त्यानें रागावत नाहीं.

गळ्यावरची पानें, नक्षी, पांढऱ्या पट्ट्या हें पूर्वीं हस्तिदंताचें असे, आतां सेल्युलॉइडचें असतें. तें सुरेख दिसतें, त्याबद्दल वाद नाहीं. पण त्या नक्षीसाठीं मोजलेल्या पैशांनीं खर्ज एका केसाइतकाहि गोड होत नाहीं. ऐपत मर्यादित असेल तर साधा, बिनानक्षीचा, पण जुन्या लांकडाचा तंबोरा घ्यावा.

आकाराची चूक सर्वांत अधिक होते. पुरुषांचा तंबोरा सुमारें पांच फूट उंचीचा, मोठ्या भोपळ्याचा. तो काळी एक, पांढरी दोन अशा खालच्या पट्टींत खुलतो. बायकांचा त्याहून आंखूड, काळी चार किंवा पांच या पट्टीचा. मोठें वाद्य भारदस्त दिसतें म्हणून मुलीसाठीं पुरुषी तंबोरा आणला, तर तिची पट्टी साधण्यास तारा अतोनात ताणाव्या लागतात. मग तारा तुटतात, नाहींतर तबली तरी खचते. खरेदीला मुलीला बरोबर न्यावें, तिची पट्टी आधीं ठरवावी, आणि तिच्या मांडीवर वाद्य ठेवून पाहावें. ती बसलेली असतांना हात तारेपर्यंत सहज पोंचतो कीं नाहीं हें तिच्याशिवाय कोण सांगणार?

शेवटची परीक्षा कानाची. घोडीच्या पृष्ठभागाला अगदीं सूक्ष्म उतार दिलेला असतो. तार त्यावर चाटून जाते आणि खालीं सरकविलेला सुताचा दोरा नेमक्या जागीं आला कीं नाद फुलतो. हीच जवारी. उदाची तार छेडली कीं बोलते आणि लवकर थांबते. तंबोऱ्याची तार बोलून झाल्यावर उमलते. पंचम, दोन्ही जोड आणि खर्ज जुळविल्यावर, खर्जाची तार एकटीच छेडून डोळे मिटून ऐकावें. तींत गांधार आपोआप उमटतो. गवयी त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तारेच्या पांचव्या अंशकंपाचा तो स्वर आहे, त्यांत चमत्कार कांहीं नाहीं. परंतु सर्वच तंबोऱ्यांत तो सारखा स्पष्ट येत नाहीं. ज्यांत तो दुकानाच्या गोंगाटांतहि ऐकूं येतो, तो तंबोरा घरीं आणावा. विजेच्या डबीचा उपयोग प्रवासांत आहे, तो कोणी नाकारूं नये. पण मूल स्वतः खुंटी पिळून स्वर लावतें तेव्हां त्याच्या कानावर जो संस्कार होतो, तो कळ दाबून होत नाहीं.

आतां कोंकणची खास अडचण. मिरजेस पाऊस वर्षाकाठीं पंचवीस इंचांच्या आसपास, आणि पेण-रोह्याकडे शंभर इंचांहून अधिक. कोरड्या हवेंत जोडलेलें वाद्य अशा दमट हवेंत आलें कीं लांकूड फुगतें, खुंट्या आवळतात, तारा गंजतात, क्वचित्‌ सांधाहि सुटतो. पेणच्या मूर्तिकारांना हें निराळें सांगण्याची गरज नाहीं. न वाळलेल्या शाडूच्या मूर्तीवर रंग चढवूं नये हें तेथील पोरालाहि ठाऊक असतें. म्हणून तंबोरा दसऱ्यानंतर आणावा, म्हणजे हिंवाळ्याचे चार महिने त्यास नव्या हवेशीं ओळख करून घेण्यास मिळतात. घाट उतरतांना तो सामानाखालीं न टाकतां माणसानें सांभाळून आणावा. घरीं तो ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीस टेकवूं नये, चुलीजवळहि ठेवूं नये; जाड कापडाची खोळ घालावी, आणि पावसाळ्यांत रियाझ झाल्यावर तारा किंचित्‌ उतरवून ठेवाव्या. वैशाखांत खुंट्या सुकून घसरूं लागल्या तर थोडी खडूची पूड लावावी. पेणचे पापड झांकण घट्ट लावलेल्या डब्यांत जपणारें घर तंबोरा मात्र उघड्या खिडकीखालीं उभा करतें, असें पुष्कळदां दिसतें.

रोज वाजणाऱ्या तंबोऱ्याची घोडी तारांनीं झिजते, तिच्यावर बारीक चऱ्या पडतात आणि आवाज चिरका होऊं लागतो. अशा वेळीं जवारी नव्यानें काढून घ्यावी लागते. घरच्या कानशीनें तो प्रयोग करूं नये. एक पातळ पापुद्रा अधिक गेला तर घोडीच बदलावी लागते. मिरजेस जाणें जमत नसेल तर घोडी तेवढी उतरवून पाठविणें हाहि उपाय नव्हे, कारण जवारी त्याच तबलीवर, त्याच तारांखालीं, ऐकत ऐकतच बसवावी लागते.