न मिटणारा चाकू

गेल्या पावसाळ्यात सह्याद्रीत कॅम्पिंगला गेलो होतो. ओल्या लाकडाच्या ढलप्या काढताना घडीच्या चाकूचं लॉक सुटलं आणि पातं थेट बोटावर मिटलं. दवाखाना तीन तास लांब! तेव्हापासून फिक्स्ड ब्लेडच.

घेताना काय बघायचं? एक, फुल टँग, म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत एकसंध. दोन, पातं 4 ते 5 इंच पुरे. फांद्या तोडायला कोयता आहेच. तीन, कार्बन स्टीलला धार पटकन लावता येते, पण पावसात रात्रीत गंज धरतो. पावसाळ्यात स्टेनलेस बरं. चार, म्यान उलटं धरून हलवा. चाकू निसटला तर घेऊ नका.

आणि कापताना धार कायम अंगापासून लांब. माझ्या बोटावरची खूण रोज तेच सांगते. भेटू पुढच्या भागात!