कठड्याबाहेरचा प्रेक्षक

(चारठाणा, ता. जिंतूर, जि. परभणी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



चारठाणा हे गाव अभ्यासकांना ठाऊक आहे ते प्राचीन मंदिरांमुळे, कोरीव स्तंभामुळे आणि बारवेमुळे. बारवेच्या पायऱ्या उतरताना धडधाकट माणसालाही जपून पाऊल टाकावे लागते. ज्याचे पाय पोलिओने नेले, त्याने काठावरूनच माघारी फिरायचे. त्या पायऱ्या फोडून उतार करा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. वारसा तो वारसाच. परंतु काल-परवा बांधलेल्या सभागृहाला, शाळेला आणि क्रीडांगणाला बारवेची सबब सांगता येत नाही. तेथे पायऱ्या आहेत, कारण नकाशा आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट माणूस कधी आलाच नाही.

तो माणूस आजच्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. तो खेळाडू नाही, प्रेक्षक आहे. दिव्यांग खेळाडूचे कौतुक करायला समाज शिकला, उशिरा का होईना. १९६५च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक जिंकले; पद्मश्री मिळाली २०१८ साली. मध्ये ४६ वर्षे गेली. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताने २९ पदके मिळवली, त्यांत सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांचे गोळाफेकीतील रौप्य होते. उद्घाटनाच्या संचलनात सुमित अंतिल यांच्यासह तिरंगा धरला होता नांदेडच्या भाग्यश्री जाधव यांनी. म्हणजे मराठवाड्याचीच लेक.

पण भाग्यश्रीसारखीच चाकाच्या खुर्चीवरची एखादी मुलगी गावातील कबड्डीचा अंतिम सामना पाहायला निघाली, तर काय घडते? मैदानापर्यंतचा रस्ता मुरमाचा. प्रवेशाशी मंडपाच्या ताणलेल्या दोऱ्या. कठड्याला टेकून तीन रांगा उभ्या. तिच्या डोळ्यांसमोर चढाई नसते, लोकांच्या पाठी असतात. मग चार तरुण पुढे येतात, खुर्चीसकट उचलून तिला व्यासपीठावर नेऊन ठेवतात. त्यांचे मन निर्मळ आहे, यात शंका नाही. मात्र त्या क्षणापासून ती आपल्या इच्छेने हलू शकत नाही. उठायचे तर पुन्हा तेच चौघे शोधायचे. स्वच्छतागृह असलेच तर दोन पायऱ्या चढून. म्हणून असे कित्येक जण घरून निघण्यापूर्वीच पाणी पिणे टाळतात, आणि पुढच्या वेळी येणेच टाळतात. ‘त्यांना खेळाची आवड नसते’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी त्यांना कधी विचारलेले नसते.

एस.टी.त दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. सवलतीने बसची पहिली पायरी मात्र खाली येत नाही.

कायद्याची उणीव आहे असे नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने पूर्वीच्या सात प्रकारांऐवजी २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले, क्रीडा व करमणुकीतील सहभागाची जबाबदारी शासनावर टाकली आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास पाच वर्षांची मुदत दिली. २०१७च्या नियमांपासून मोजली तर ती २०२२ सालीच संपली. त्याच वर्षी महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापला, हे भूषणावह. तरीही ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, सुगमतेचे निकष शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. ‘अपंग’ शब्द गेला, ‘दिव्यांग’ आला. शब्द बदलला हे उत्तमच. उंबरठा तेवढाच राहिला.

इंग्लंडमध्ये दिव्यांग प्रेक्षकांनी १९९८ सालीच आपली संघटना उभारली. २०१५ साली तेथील प्रमुख फुटबॉल संघांनी दोन वर्षांत मैदाने सुगम करण्याचे वचन दिले. २०२२च्या कतार विश्वचषकात दृष्टिहीनांसाठी वर्णनात्मक समालोचन होते. ऐकून थक्क होण्याचे कारण नाही. दूरचित्रवाणी घरोघरी येण्यापूर्वी बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन आकाशवाणीवर ऐकणारा अवघा महाराष्ट्र त्या वेळी एका अर्थाने दृष्टिहीनच होता, आणि तरी त्याला चेंडू दिसत होता! चित्र आले आणि समालोचकाने मैदानाचे वर्णन करणे सोडले. दृष्टिहीन रसिकाचे जे होते तेही गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या दृष्टिहीन महिलांनी कोलंबोत टी-२० विश्वचषक जिंकला. खुळखुळणाऱ्या चेंडूच्या आवाजावर खेळणाऱ्या या मुलींसाठी उद्या गावात सामना ठेवला, तर प्रेक्षकांना शांत कसे बसायचे हेही शिकवावे लागेल.

गावाला कतार व्हायचे नाही. कुस्तीच्या फडात निवेदक असतोच. ‘पहा, पहा, काय डाव टाकला!’ असे न ओरडता कोणी एकेरी पट काढला, कोण कोणत्या कुशीवर आला, हे तो सांगेल तर फडातील दृष्टिहीन म्हातारबाबाही टाळी वेळेवर देतील. कबड्डीचे गुण खडूने मोठ्या फळ्यावर लिहिले, तर कर्णबधिर मुलाला शेजाऱ्याची बाही ओढावी लागणार नाही. आखाडे आणि मैदाने भरवणाऱ्या मंडळांना यासाठी शासकीय निधीची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही.

संघटनांनी स्वतःच्या अंगणातही डोकावावे. २००८ साली नागपूर येथे ‘सक्षम’चे कार्य दिव्यांगांसाठीच सुरू झाले. पण सेवाकार्य एका गटाने करायचे आणि उत्सवाचे व्यासपीठ दुसऱ्याने पायऱ्या लावून उभारायचे, अशी वाटणी झाली तर समरसता पत्रिकेवरच राहते. दिव्यांग बांधव निमंत्रितांच्या यादीत सत्कारमूर्ती म्हणून असतो. नियोजनाच्या बैठकीत क्वचितच. मैदान आखताना त्यालाच सोबत फिरवले तर अडथळे तो अर्ध्या तासात दाखवील.

उताराचे गणितही अवघड नाही. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. व्यासपीठ दीड फूट उंच असेल तर अठरा फुटांची फळी लागेल, आणि ती वाकू नये म्हणून खाली आधार. कठड्यालगत पहिल्या रांगेत खुर्च्यांसाठी मोकळी जागा, शेजारी सोबत्याची बैठक. घरच्यांपासून तोडून वेगळ्या कोपऱ्यात बसवणे नको. सामना एकत्र पाहण्यातच त्याची गंमत असते. मैदानावर चुन्याची पहिली रेघ पडण्याआधी ही जागा आखून घ्यावी, कारण गर्दी जमल्यानंतर ती कोणालाही सापडत नाही.